वाळवंटातलं व्यापारी शहर, पण तिथे राज्य नक्की कोण करतं?

रात्रपाळी:
दर शनिवारी आम्ही चौघं-पाच जण टेबलावर रोल-प्ले गेम खेळतो, यावेळी गोष्ट रचायची पाळी माझ्यावर आलीय. शहराचं नाव झारवण. चारी बाजूंनी वाळवंट, मधे एकच झरा, उंटांचे तांडे मीठ, धूप, रेशीम घेऊन येतात. कारभार सात सावकारांच्या मंडळाकडे, वर एक नामधारी सुलतान आणि खाली हेरखातं (ते लागतंच). कागदावर भारी वाटत होतं पण पहिल्याच शनिवारी माती झाली. एकाने विचारलं, "हे सात जण दिवसभर करतात काय?" मला काही सुचेना, मी आपलं म्हटलं मीटिंग घेतात, तेव्हापासून सगळे त्या मंडळाला सोसायटीची कमिटी म्हणतायत. तर अशा शहरात रोजचा कारभार म्हणजे नेमकं काय चालायचं? खरं इतिहासातलं सांगा, पण पुस्तकांची यादी नको प्लीज, शनिवार तोंडावर आलाय.

उंटावरचा_शहाणा:
कमिटी म्हणतायत त्यात चूक काय? सीरियाच्या वाळवंटातलं पाल्मिरा बघ, तिथले लोक त्याला तदमोर म्हणायचे. होतं रोमच्या अंमलाखाली पण शहराची स्वतःची सभा होती, आणि इ.स. १३७ मध्ये या सभेने एक ठराव करून चक्क दगडावर कोरून घेतला, ग्रीक आणि तिथली अरामी अशा दोन्ही भाषांत. ठराव कशाचा, तर जकातीच्या दरांचा! जुन्या कायद्यात बऱ्याच मालाचं नावच नव्हतं, वसुली रिवाजाप्रमाणे चालायची, आणि वसुली मक्त्याने दिलेली, म्हणजे रिवाज काय ते मक्तेदारच सांगणार. मग व्यापाऱ्यांची आणि त्याची भांडणं होणारच ना. म्हणून सगळं लिहून काढलं. गुलाम आत आणला की २२ दिनार. सुगंधी तेल दगडी कुप्यांतून आणलं तर उंटाच्या ओझ्यामागे २५, तेच बकऱ्याच्या कातड्याच्या बुधल्यांतून आणलं तर १३. तो दगड आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज म्युझियममध्ये आहे.

आता तुझा गेम. वेशीबाहेर रात्री कुप्यांतलं तेल बुधल्यांत ओतायचं आणि सकाळी नाक्यावर निरागस चेहऱ्याने उभं राहायचं, निम्मी जकात वाचली. पकडले गेले की प्रकरण त्या सातांपुढे. काय करतात दिवसभर याचं उत्तर मिळालं बघ. (आणि हे आपल्याला काय नवीन आहे का, नाणेघाटातला तो दगडी रांजण जकातीचाच असं सांगतात.)

बांधावरून:
जकात ठीक आहे हो, पण पाण्याचं काय? लिबियातलं घदामिस वाचा कधी. सहारा ओलांडणाऱ्या तांड्यांचं गाव, झरा एक, त्याचं पाणी पाटांनी बागांना जायचं. ते मोजायला चौकात माणूस बसवलेला, त्याच्याकडे बुडाला भोक असलेलं भांडं. भांडं भरायचं, रिकामं झालं की खजुराच्या पातीला एक गाठ मारायची, परत भरायचं. ज्याची जितकी भांडी ठरलेली तितका वेळ पाणी त्याच्या बागेत. बरं गावात बनी वलीद आणि बनी वझीत असे दोन गट, पिढ्यानपिढ्यांचं हाडवैर, तरी पाणी त्याच झऱ्याचं.

मी लहान असताना आजोबांबरोबर रात्री दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला जायचो. आमची पाळी संपायला अर्धा तास असला की शेजारचे काका कंदील घेऊन बांधावर येऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाही, नुसते खोकायचे. आजोबा घड्याळ बघायचे नाहीत, काकांचा खोकला वाढला की दार बदलायचे. तर रात्रपाळी, तुमच्या सुलतानाला कोण विचारतंय, आमच्याकडे पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, ओट्यावर आला की सरपंचाच्या आधी त्याला चहा मिळायचा.

थंडा_चहा:
शहाणे, दरपत्रक सांगितलंत पण तांडा वेशीपर्यंत जिवंत आणतो कोण ते राहिलंच. पाल्मिरात मोठ्या रस्त्याकडेच्या खांबांना मध्यावर दगडी फळ्या बाहेर आलेल्या आहेत, त्यांवर पुतळे असायचे, आणि तसले मान मिळालेल्यांत तांडे सुखरूप आणणारे बडे लोकही होते. सोआदोस नावाच्या गृहस्थाचे तर एकापेक्षा जास्त पुतळे उभारले होते. टोळ्यांशी बोलणी करायची, घोडेस्वार पाठवायचे, प्रसंगी पदरचे पैसे घालायचे, हे त्यांचं काम.

सुलतान मात्र काढून टाक बाबा. सभेवर चाललेल्या त्या पाल्मिरात बड्या घराण्यातला ओडेनाथस पुढे राजा झाला, त्याच्यामागे त्याची बायको झेनोबिया, ती थेट इजिप्तपर्यंत पोचली, आणि २७२ मध्ये रोमचा ऑरेलियन बादशहा सैन्य घेऊन दारात. पुढच्या वर्षी परत बंड केलं तेव्हा शहर लुटलंच त्याने.

उंटावरचा_शहाणा:
मान्य. पण सुलतान मारायचाच असेल तर गेम चालू असताना मार, आधीच कशाला काढतोस.

रात्रपाळी:
काल खेळलो. सुलतान ठेवला, पण त्याला फक्त दरपत्रकाच्या दगडाचं उद्घाटन करायला लावलं, त्याने चुकून मिठाचा दर वाचताना एक शून्य जास्त वाचलं आणि बाजारात दंगल. तेलाची आयडिया मी न सांगता त्यांनी स्वतःच काढली, नालायक आहेत. भांडंवाल्याला मी आपलं शोभेला चौकात बसवला होता, तर सगळे दोन तास त्याच्याच मागे. शेवटी एकाने विचारलं की भांड्याचं भोक तेवढंच आहे का हे कोण तपासतं? मी म्हटलं पुढच्या शनिवारी सांगतो.

बांधावरून:
मेण. भोकाच्या कडेला जरासं. आपल्या माणसाची पाळी असली की लावायचं, दुसऱ्याची आली की नखाने काढायचं.