मुदतीआधी भाड्याचं घर सोडलंय? हिशेब लिहा, रडगाणं नको

कपाट आवरताना जुना भाडेकरार हाती लागला. लॉक-इनच्या (किमान इतके महिने घर सोडायचं नाही, या अटीच्या) कलमाखाली पेनाने ओढलेल्या तीन रेघा! म्हणून हा धागा. सुरुवात मीच करते.

लॉक-इन वेगळं, नोटीस वेगळी. समजा करार 12 महिन्यांचा, लॉक-इन 6, नोटीस 1. चौथ्या महिन्याअखेर निघालात तर उरलेल्या 2 महिन्यांचं भाडं मागतात. आणि ‘लॉक-इन संपल्यानंतर नोटीस देता येईल’ असं वाक्य असेल तर 6 चे 7 झाले. एका ‘नंतर’ला अख्ख्या महिन्याचं भाडं. सहीआधी तो शब्द बदलून घ्या.

चहाटळ
फोनवर सांगितलं म्हणजे नोटीस नव्हे!! ईमेल करा, शिवाय करारातल्या पत्त्यावर पत्र, पोच जपून. काही करारांत नोटीस पुढच्या 1 तारखेपासून धरतात. 3 तारखेला दिलीत की जवळपास 2 महिने गेलेच.

उंबरठा
चावी टेकवली म्हणजे सुटलो असं नाही. ‘अमुक तारखेला ताबा मिळाला, करार संपला, येणं-देणं नाही’ एवढं मालकाच्या सहीने घ्या. नाहीतर भाड्याचं मीटर चालूच.

चहाटळ
मीटरवरून आठवलं, विजेच्या आकड्याचा फोटो काढा. मीटर नंबर दिसला पाहिजे, नुसते आकडे कुणाचेही असू शकतात 😀

दोन_बॅगा
पोटभाडेकरू ठेवून निघू नका. करार तुमच्याच नावावर राहतो, त्याने थकवलं की मालक तुमच्या दारात. मालकाचा त्याच्याशी नवा करार आणि तुमचा लेखी रद्द, असंच करा. बऱ्याच देशांत मालकानेही दुसरा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करायचा असतो. एकाच दिवसाचं भाडं दोघांकडून घेता येत नाही. मालकाने घराची जाहिरात टाकलीय का बघा, तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

रिकामी_खोली
तिघांच्या सह्या असतील आणि एक पळाला, तर बहुतेक करारांत पूर्ण भाडं उरलेल्या दोघांकडून वसूल होतं. ‘माझा वाटा दिला’ चालत नाही.

@दोन_बॅगा, डिपॉझिटातून वळतं करा म्हणून भाडं थांबवलं तर?

दोन_बॅगा
थकबाकीदार ठरता. डिपॉझिट ही काही कमाल मर्यादा नाही, नुकसान त्याहून जास्त असेल तर वरचं मागू शकतात.

उंबरठा
खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवणाऱ्यांना दंडवत. सुकली की आक्रसते, खड्डा पुन्हा दिसतो. पुट्टी भरा, नीट वाळू द्या, बारीक पॉलिश पेपर मारा.

रिकामी_खोली
आणि रंग? नुसत्या ठिपक्यावर लावला की डाग उठून दिसतो.

उंबरठा
हो ताई, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एकच भिंत. जुन्या डब्यावरचा शेड नंबर मालकाकडे असतो, मागून घ्या.

चहाटळ
मालकाकडे डबा असतो, नंबर गंजलेला असतो 😂