संमेलनात हात वर झाला नाही म्हणजे पलटण खूश?

देवळालीकर हवालदार: परवा एका निवृत्त कर्नल साहेबांनी लिहिलं, जवानांचं मोराल, म्हणजे मनोबल, बघायला निनावी फॉर्म कशाला, सैनिक संमेलनात, म्हणजे सीओ (पलटणीचे मुख्य अधिकारी) सगळ्यांना बसवून ऐकतात तिथे, जवान मोकळा बोलतोच. साहेब, माफ करा, पण हे वाचून डोकंच फिरलं. तोफखान्यात १९ वर्षं काढली मी. आधी बॅटरीतून (तोफखान्याची कंपनीच ती) पॉइंट, म्हणजे जवानांच्या तक्रारी, गोळा व्हायचे, मग वरचे चाळायचे, आणि शेवटी सीओ साबपर्यंत काय जायचं तर पंखा बंद आहे. माझी सुट्टी कापली तो पॉइंट गाळला. "और कोई पॉइंट?" सगळे ताठ बसलेले, एक हात वर नाही.

निवृत्त कर्नल: निनावी कागदावर कुणीही कुणावरही राग काढतो. मी न सांगता लंगरमध्ये जेवायला बसायचो, रात्री संतरीपाशी जाऊन उभा राहायचो. सुट्टीवरून उशिरा येणारे एकाच कंपनीत वाढले की समजायचं, तिथे काहीतरी बिघडलंय. हे फॉर्म सांगणार?

साताऱ्याची सून: आणि सहायकाचं, साहेबांच्या दिमतीला दिलेल्या जवानाचं, काय? ह्यांनी दोन वर्षं साहेबांचा कुत्रा फिरवला. २००८ ला संसदेच्या समितीने सांगितलं ही पद्धत बंद करा, नौदलात नाही, हवाई दलात नाही, मग तुमच्याकडेच का?

मराठा एलआय: वहिनी, विषय मोरालचा आहे. फील्डमध्ये सहायक म्हणजे साहेबाचा बडी, जोडीदार, गोळीबारात बरोबर असतो तो.

साताऱ्याची सून: फील्डचं बोलतंय कोण? मी पीस स्टेशनचं, लढाई नसलेल्या छावणीचं सांगतेय! पोराने फोनवर विचारलं, बाबा काय करताय, हे म्हणाले गनवर आहे. हातात मेमसाहेबांच्या साडीवर फिरणारी इस्त्री होती. ह्याहून वेगळं मोराल असतं का काही?

देवळालीकर हवालदार: वहिनी बरोबर बोलतायत. जानेवारी २०१७ ला एका जवानाने ह्याच सहायकगिरीवर व्हिडिओ टाकला, तेव्हा त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल रावत यांनी तक्रारपेट्या ठेवायला लावल्या. संमेलनात बोलता येत असतं तर पेटी लागली असती का? १९४६ ला मुंबईत नौदलाच्या 'तलवार' तळावर नाविक उठले, ते जेवण आणि कमांडरच्या शिव्यांवरूनच ना?

निवृत्त कर्नल: इंग्रजांच्या नौदलाशी आपल्या पलटणीची तुलना मला अजिबात मान्य नाही. पॉइंट मधे गाळले जातात, हे मात्र खरं आहे. फॉर्म आणायचाच तर तो सीओने नाही, त्याच्या वरच्या ब्रिगेडने उघडावा. आणि वहिनी, कुत्रा फिरवणारे जवान मीही बघितलेत. थांबवलं नाही.

देवळालीकर हवालदार: मग साहेब, फॉर्म टिकमार्कचा ठेवा, लिहायचा नको. बॅटरीचा क्लर्क सगळ्यांचं अक्षर ओळखतो.