बुयुनमधली थेट निवडणूक: प्रयोग पुढे का सरकला नाही?

गोदाकाठचा मास्तर:
मंडळी, मी नाशिकला अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. चीनच्या सिचुआन प्रांतात बुयुनच्या लोकांनी ३१ डिसेंबर १९९८ ला टाउनशिपचा प्रमुख थेट मतदानानं निवडला. टाउनशिप म्हणजे साधारण आपला पंचायत समितीचा गण. एकाच पक्षाची राजवट, आणि पुढाकार त्याच पक्षाच्या स्थानिक सचिव झांग जिनमिंग यांचा! गावपातळीवर निवडणुकांचा कायदा १९८७ पासून होताच. मग पुढची पायरी का चढली नाही? आपल्याकडे थेट सरपंच २०१७ ला आला, २०२० ला गेला, २०२२ ला परत आला. मुलं विचारतात, दोन्हींत फरक काय?

पंचवटी_वकील:
सर, फरक मोठा आहे. चीनच्या राज्यघटनेनुसार हा प्रमुख टाउनशिपची लोकप्रतिनिधी सभा निवडते. त्यामुळे थेट निवडणूक घटनाबाह्य ठरवली गेली. निवडून आलेला माणूस पदावर राहिला, पण २००१ ला लोकांनी फक्त उमेदवार ठरवला, शिक्का सभेनं मारला. शिवाय त्याच्या वर पक्षाचा सचिव होताच, त्याला कोणी मत दिलं नव्हतं. आपल्याकडचे बदल विधिमंडळातून झाले, विरोधकांनी तिथे उघड भांडून घेतलं. बुयुनकरांना दाद मागायला जागाच नव्हती.

सिन्नरची_ताई:
मी ग्रामपंचायत सदस्य होते. आमच्याकडे ग्रामसभेच्या प्रोसिडिंगवर सह्या आधी व्हायच्या, विषय नंतर वाचले जायचे. म्हणून मला बुयुनपेक्षा चीनच्याच झेजियांग प्रांतातलं वेनलिंग शहर जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथल्या झेगुओ या टाउनशिपच्याच पातळीवरच्या नगरात २००५ ला सोडत काढून सुमारे २७५ लोक बोलावले, ३० कामांची यादी समोर ठेवली. पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते. लोकांनी सांडपाण्याच्या कामांना वरचा क्रम दिला आणि प्रशासनानं तो मानला. खुर्ची कोणाची हा प्रश्नच काढला नाही, म्हणून वरच्यांनी चालू दिलं. कोणी याला तडजोड म्हणेल, पण गटार झालं ना! सोडतीमुळे नेहमीचेच चार पुढारी बोलत बसले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

पंचवटी_वकील:
ताई, मान्य. पण वरच्यांनी चालू दिलं, इथेच माझं घोडं अडतं. २०१८ ला चीनमध्ये गावकऱ्यांनी निवडलेल्या गावसमितीची मुदत ३ वरून ५ वर्षं झाली, आणि पक्षसचिवानंच समितीचं प्रमुखपदही घ्यावं असा आग्रह वाढला. गावकऱ्यांना कोणी विचारलं?

गोदाकाठचा मास्तर:
दोघांचे आभार. वर्गात आधी झेगुओची यादी देतो, मुलांना कामं निवडू देतो. मग वकीलसाहेबांचा प्रश्न फळ्यावर लिहितो.