मदत हवी आहे: वडिलांना जुना दमा, आता फुफ्फुसाचा कॅन्सर. ऑपरेशन की शेक (रेडिएशन)?

कृष्णाकाठ: बायोप्सीत कॅन्सर निघालाय. एक सर्जन म्हणतात ऑपरेशन झेपणार नाही, शेक घ्या. दुसरे म्हणतात काढून टाकू. दमा असला की माणूस कमी जगतो का? शुक्रवारी सांगायचंय. प्लीज लवकर.

पावसाळी: वय? स्टेज? गाठ केवढी, कुठे? दमा की सीओपीडी (विडीने, धुराने जडणारा कायमचा श्वासाचा आजार) की फायब्रोसिस (फुफ्फुस व्रणांनी कडक होणं)?

कृष्णाकाठ: वय ६८. पंप घेतात. पीएफटी (फुंकायची तपासणी) वाईट आहे म्हणाले.

आंबेमोहोर: माझ्या सासऱ्यांना अनुलोम-विलोम आणि अडुळशाच्या काढ्याने दम्यात खूप आराम पडला. महिनाभर करून बघा, कापाकापीची घाई नको.

पावसाळी: आंबेमोहोर, महिनाभर थांबा असं कृपा करून सांगू नका. माझ्या आईच्या फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या डागाला टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या. तिने आयुष्यात विडी ओढली नव्हती, फक्त चूल फुंकली.

आंबेमोहोर: वाईट वाटलं वाचून. पण प्राणायामाने नुकसान काय होणार आहे?

पावसाळी: प्राणायामाने नाही, थांबण्याने होतं.

बोरीबंदर: कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार आधी काढून ठेवा.

कृष्णाकाठ: पैशांचं नंतर बघू. कागद सापडला: सीओपीडी, एफईव्ही१ (एका सेकंदात जोराने सोडलेली हवा) अपेक्षेच्या ४८ टक्के. गाठ २.६ सेंमी, उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (कप्प्यात). पेट स्कॅनमध्ये (पूर्ण शरीराच्या तपासणीत) दुसरीकडे काही नाही.

फुंकर: मी वीस वर्षं पीएफटी करते. हे आधी लिहायला हवं होतं! दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ भाग धरतात, उजव्या वरच्या लोबमध्ये ३. म्हणजे ४८ × १६ ÷ १९, ऑपरेशननंतर साधारण ४० टक्के उरतील. ४० च्या खाली धोका वाढतो असं पूर्वीपासून मानतात, म्हणूनच दोन सर्जनांची दोन मतं. हा हिशेब शेवटचा शब्द नाही. वरचा लोब एम्फिसिमाने (हवेच्या पिशव्या फाटून) आधीच निकामी असेल, तर तो काढल्यावर दम हिशेबापेक्षा कमी घटतो. डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो, ते मोजणारा आकडा) किती? सायकलवरची व्हीओ२ चाचणी (श्रमात शरीर किती ऑक्सिजन वापरतं ती) झाली का?
तुमचा मूळ प्रश्न: हो, सीओपीडीने फरक पडतो. लवकरच्या स्टेजला जास्तच, कारण गाठ गेली तरी न्यूमोनिया, दम्याचा झटका, हृदयविकार मागे लागतात. किती वर्षं, ते इथे कुणी सांगू नये. एवढ्या गाठीला एसबीआरटी (थोड्या बैठकांत नेमका गाठीवर दिलेला जोरदार शेक) हा खरा पर्याय आहे, दुय्यम समजू नका. मात्र सीटीत फायब्रोसिस असेल तर शेकानेही फुफ्फुस बिघडू शकतं. ते नक्की विचारा.

पावसाळी: विड्या सुटल्यात ना?

कृष्णाकाठ: दिवसाला दोन-तीन. लपून ओढतात.

फुंकर: आज बंद. ऑपरेशन होवो न होवो. फिजिओही आजपासून सुरू करा.

आंबेमोहोर: यात तरी माझं ऐका, श्वासाचे व्यायाम त्यातच येतात.

फुंकर: येतात. उपचारासोबत, उपचाराऐवजी नाही.

कृष्णाकाठ: डीएलसीओ कागदावर नाहीच. सायकलचं तर कुणी बोललंच नाही. उद्या सकाळी जाऊन दोन्ही मागतो, आकडे इथे टाकतो.