मदत हवी आहे: नववीला न्यायवैद्यक विज्ञान शिकवायचंय, पण वर्गात ‘चोर’ कोणाला करू?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीसाठी घटनास्थळ तपासणीचा एक उपक्रम घ्यायचा आहे. मुलांनी टीव्हीवरच्या गुन्ह्यांच्या मालिका पाहून ठेवल्यात, त्यामुळे उत्साह भरपूर आहे. साहित्य शाळेत आहे तेवढंच, खर्चही जवळजवळ शून्यातच बसवायचा आहे.

काही गोष्टी जमल्या आहेत. स्टीलच्या पेल्यावरचे ठसे पेन्सिलच्या शिशाची पूड आणि चित्रकलेचा मऊ ब्रश वापरून छान उठतात. मग चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कागदावर लावायचे. काळ्या प्लास्टिकवर टाल्कम पावडर चालते. मुलांनी आपापले ठसे भिंगाखाली पाहिले आणि शंख, चक्र, कमान वेगळे काढले. शंखाकृती सगळ्यांत जास्त आणि कमानी अगदी थोड्या, हे पुस्तकातलं प्रमाण वर्गातही साधारण तसंच दिसलं, तेव्हा मुलं हरखून गेली. ठशांचे कागद त्याच तासाला ज्याचे त्याला परत दिले. पोरांचे ठसे शाळेच्या कपाटात पडून राहणं मला योग्य वाटत नाही.

शाईची क्रोमॅटोग्राफीही, म्हणजे कागदाच्या पट्टीवर शाईतले रंग वेगळे करणं, जमली. बॉलपेनची शाई पाण्यात हलत नाही, स्पिरिटमध्ये मात्र रंग सुटे होऊन वर चढतात. जेल पेनच्या बऱ्याच शाया जागच्या हलत नाहीत, त्यामुळे घटनास्थळी ठेवायची ‘चिठ्ठी’ बॉलपेननेच लिहायची हे ठरलं.

अडलंय ते पुढे. सगळ्या तयार उपक्रमांत एक गुन्हा, चार संशयित आणि शेवटी ‘गुन्हेगार सापडला’ असाच साचा असतो. खून मला नकोच, वर्गात एका मुलीच्या घरी अलीकडेच अपघाती मृत्यू झालाय. चोरी ठेवावी म्हटलं तर वर्गात दोन मुलं अशा समाजातली आहेत, ज्यांच्या नावापुढे गावात आजही ‘चोर’ हा शब्द सहज लावला जातो. खेळ म्हणून सुरू केलेलं चोर शोधणं मधल्या सुट्टीत त्या दोघांपाशी येऊन थांबेल, अशी भीती वाटते. त्यांना वगळायचं तर मुळीच नाही. दोघांची निरीक्षणं वर्गात सर्वांत बारीक असतात.

दुसरी अडचण अशी की मुलं खोलीत शिरल्या शिरल्या ‘कोणी केलं’ यावर उडी मारतात. आधी पाहा, मोजा, लिहा, हे कसं अंगवळणी पाडावं? जाणकारांनी कृपया सुचवा.

ठसेतज्ज्ञ_निवृत्त

मॅडम, ठसे परत दिलेत हे फार चांगलं केलंत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे तयार आहे: पंचनामा. मुलांना कोरा कागद देऊ नका, पंचनाम्याचा साचा द्या. तारीख, सुरू केल्याची वेळ, दोन पंच, जागेच्या चतुःसीमा (पूर्वेस फळा, पश्चिमेस खिडकी वगैरे), मग प्रत्येक वस्तू दोन पक्क्या ठिकाणांपासून किती अंतरावर आहे ते. हे पूर्ण होऊन पंचांच्या सह्या होईपर्यंत कोणीही कशालाही हात लावायचा नाही आणि ‘बहुतेक’ हा शब्द लिहायचा नाही. ‘कोणीतरी घाईत पेला पाडला’ असं लिहिलं की पान परत. ‘पेला आडवा, तोंड दाराकडे, भिंतीपासून ४० सेंमी’ असं लिहिलं की पान मंजूर. दोन-तीन पानं परत गेली की पोरांच्या बरोबर ध्यानात येतं.

मुद्देमालाची पाकिटं कागदीच ठेवा. ओलसर वस्तू प्लास्टिकमध्ये कोंडली की बुरशी धरते. प्रत्येक पाकिटावर कोणी उचललं, कोणाकडे दिलं, किती वाजता, हे लिहायला लावा. कोर्टात उलटतपासणी होते ती इथेच.

एक खरा खटलाही सांगा. १८९७ साली कलकत्त्याला जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र निघालं. ठशांची वर्गवारी बंगालमधले ब्रिटिश पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिचं गणित बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्याच सुमारास जलपायगुडीत चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. बंगाली पंचांगावर रक्ताचा अंगठा उमटलेला मिळाला आणि तो पूर्वी शिक्षा झालेल्या एका नोकराच्या ठशाशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनाच्या आरोपातून मात्र सोडलं. त्याने वार केल्याचं पाहणारा कोणी नव्हता. ठसा सांगतो ‘हा हात इथे लागला’. ‘याने मारलं’ हे ठसा सांगत नाही. नववीच्या मुलांना हा फरक कळतो, मी सांगून पाहिलंय.

त्रिज्या

गणित शिकवतो, म्हणून थोडी भर. रक्ताच्या थेंबांचा प्रयोग खुनाशिवायही होतो. कॉर्नफ्लोअर घालून दाटसर केलेलं रंगीत पाणी घ्या, पुठ्ठा कोनमापकाने तिरका धरा आणि ड्रॉपरने थेंब सोडा. डाग लंबगोल पडतो. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे थेंब पृष्ठभागावर ज्या कोनात आदळला त्याचा साइन. रुंदी ६ मिमी, लांबी १२ मिमी आली तर ०.५, म्हणजे ३० अंश. लांबी मोजताना पुढची शेपटी धरायची नाही, मुलं हमखास तिथेच चुकतात. त्रिकोणमिती कशाला शिकायची, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही. ‘रक्त’ म्हणू नका, सांडलेलं सरबत म्हणा.

माळरान

ताई, तुमचा पहिला प्रश्न वाचून थांबलो. मी पारधी समाजातला, आता स्वतः शिक्षक आहे. शाळेत काही हरवलं की माझं दप्तर आधी उघडलं जायचं.

तुमच्या विषयाशी याचा थेट संबंध आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढे त्या कायद्यातच नोंदलेल्या माणसाचे बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार आला. गुन्हा घडलेला नसताना ठसे! कायदा १९५२ साली गेला. तुम्ही ठसे शिकवणार असाल तर हेही सांगा, पण त्या दोन मुलांकडे पाहून नको आणि त्यांच्याकडून ‘अनुभव’ तर मुळीच मागू नका. इतिहास म्हणून सगळ्या वर्गाला सांगा.

आणि ‘कोणी’ हा प्रश्नच काढून टाका. ‘काय घडलं आणि कोणत्या क्रमाने’ एवढंच विचारा. संशयित ठेवायचेच असतील तर मुख्याध्यापक आणि शिक्षक ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. शिपाई मामांना किंवा सफाईच्या मावशींना अजिबात नको. संशय नेहमी खालीच उतरतो, हे मुलं घरी पाहतातच.

प्रयोगवही

माळरान दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ठरलं, ‘कोणी’ काढून टाकते.

मांडणी अशी सुचली. प्रयोगशाळेची खिडकी उघडी, खाली चंचुपात्र फुटलेलं, जमिनीवर रांगोळीची पूड सांडलेली, तिच्यात बुटाचा एक ठसा. त्यावर काचांचे तुकडे. तुकडे ठशाच्या वर असतील तर पाऊल आधी आणि फुटणं नंतर. काचा दोन प्रकारच्या ठेवीन, चंचुपात्राच्या आणि खिडकीच्या. चंचुपात्राच्या बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा) साधारण १.४७, ग्लिसरीनचाही तेवढाच, त्यामुळे चंचुपात्राचा तुकडा ग्लिसरीनमध्ये दिसेनासा होतो. खिडकीची काच १.५२ च्या आसपास, तिची कड दिसत राहते. घरी सोयाबीन तेलात करून पाहिलं, तुकडा खरंच नजरेआड झाला. थोडक्यात, वाऱ्याने तावदान आपटलं, त्याची काच फुटली आणि चंचुपात्र पडलं. बूट आधी येऊन गेलेल्या माणसाचा, त्याचा फुटण्याशी संबंध नाही.

आता फक्त गुण कसे द्यावेत ते सांगा.

ठसेतज्ज्ञ_निवृत्त

उत्तर बरोबर आलं का, याला गुण देऊ नका. तीन रकाने आखा: काय दिसलं, त्यावरून काय म्हणता येतं, त्यावरून काय म्हणता येत नाही. तिसऱ्या रकान्याला सगळ्यांत जास्त गुण ठेवा. बुटाच्या ठशापुढे ‘हा माणूस काच फुटताना खोलीत होता, असं म्हणता येत नाही’ असं कोणी लिहिलं तर त्याला पूर्ण गुण.

आणि मॅडम, काचा मुलांच्या हातात देऊ नका. तुम्ही चिमट्याने एकेक तुकडा ग्लिसरीनच्या बशीत सोडा आणि मुलांना भोवतीने पाहू द्या. जमिनीवरचे तुकडे मोजमाप होईपर्यंत दोरी लावून वेगळे ठेवा, पायात सगळ्यांना बूट हवेत. रांगोळी झाडताना तोंडावर रुमाल बांधा, पूड नाकात जाते.