प्रति: गावच्या वाचनालयासाठी सीएसआर निधी कसा मागावा?

गावच्या वाचनालयासाठी सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो पैसा) कसा मागावा, या प्रश्नावर एकाने लिहिलंय की गावाची गरज पोटतिडकीने मांडली की कंपनी पैसे देते. गरज मांडायलाच हवी, पण तेवढ्यावर भागत नाही. सीएसआरचा खर्च कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे अशा खर्चाला चालणाऱ्या कामांच्या यादीत, बसवून दाखवावा लागतो. वाचनालयाचा अर्ज अनेक जण नुसता 'शिक्षण' म्हणून पाठवतात. त्याच अनुसूचीत वारसा, कला, संस्कृतीच्या कलमात सार्वजनिक ग्रंथालय उभारणं स्पष्ट लिहिलेलं आहे. ते कलम पहिल्याच पानावर नोंदवा, म्हणजे वाचणाऱ्याचं काम सोपं होतं. अर्ज करणाऱ्या संस्थेची प्राप्तिकर सवलतीसाठीची 12ए आणि 80जी नोंदणी, तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव आणि सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थांची सरकारकडची नोंदणी, 1 एप्रिल 2021 पासून सक्तीची) हेही लागतं. तुमचं मंडळ नवं असेल तर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेमार्फत अर्ज करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

आमच्या वाचनालयाच्या वेळी पाहणीला आलेल्यांनी पुस्तकांबद्दल फारसं विचारलंच नाही. निधी संपल्यावर ग्रंथपालाचं मानधन आणि वीजबिल कोण भरणार, यावरच ते अडून बसले. ग्रामसभेचा ठराव, जागा वापरायला दिल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र आणि वर्गणी भरायला तयार असलेल्यांची सह्यांसकट यादी जोडली, तेव्हा बोलणी पुढे सरकली. अंदाजपत्रकात कपाटं-खुर्च्या सगळेच लिहितात, ही पुढच्या वर्षांची बाजू मात्र कोरी राहते. आणि अर्ज मार्चमध्ये नको. कंपनीचा सीएसआरचा वार्षिक कृती आराखडा ठरण्याआधी तो तिच्या सीएसआर समितीच्या हातात पडायला हवा.