कैद्याच्या पायातल्या पट्ट्यावर नजर ठेवायची नोकरी: हे माणुसकीचं काम आहे का?

गोदाकाठ (नांदेड)
माझी भाची इंग्लंडात टॅग, म्हणजे कैद्यावर नजर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक पट्टा, बसवायचं काम करते. शिक्षा संपण्याआधी माणसाला घरी सोडतात, घोट्याला पट्टा बांधतात आणि घरात त्या पट्ट्याचा सिग्नल पकडणारा एक डबा प्लगला लावतात. बहुतेकांना संध्याकाळी सात ते सकाळी सात घराबाहेर पडायची बंदी असते. तिकडं हे 1999 पासून देशभर चालतं. ही रात्री त्याच्या घरी जाते, बायकापोरांसमोर पट्टा बांधते, मग त्याला न्हाणीघर, जिना, माळा असं घरभर फिरवून डब्याची रेंज पोचते का ते बघते. हे घाईत केलं तर माणूस अंघोळीला गेला तरी 'बाहेर पडला' अशी नोंद होते. अशा नोंदी साचल्या की पुन्हा तुरुंग.

नातेवाईक हिला जेलर म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्याकडं केंद्रानं राज्यांना नमुना म्हणून दिलेल्या 2023 च्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवर सोडताना पट्ट्याची अट घालायची सोय आली. जम्मू-काश्मीर पोलिसांनी त्याच वर्षी एका आरोपीला जामिनावर सोडताना पट्टा बांधलाही. उद्या संभाजीनगरच्या हर्सूल तुरुंगातून संचित रजेवर (फर्लोवर) कुणी परभणीला आला तर हे काम आपल्याच पोरापोरींना करावं लागेल. ते कसल्या माणसांनी करावं, यावर बोला.

कोरडवाहू (माजलगाव)
कसल्याच माणसानी करू नये. सात ते सात म्हणं! आमच्याकडं शेतीची लाइट येती रात्री. गव्हाला पाणी द्यायला माणूस दोन वाजता मोटर चालू करायला गेला की तिकडं एसीत बसलेल्याच्या पडद्यावर लाल दिवा. त्याला दारं धरणं काय माहीत? अन् दिवाळीच्या आगं-मागं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. उचल घेतलेल्याला मुकादम पट्ट्यासाठी घरी बसू दील का?

गोदाकाठ
भाऊ, हे तर माझ्याच बाजूचं बोललात. लाल दिवा यंत्र लावणार. तो बघून थेट ठाण्याला कळवायचं, की आधी फोन करून 'मोटरीवर गेलास का' विचारायचं, हे माणूस ठरवणार. तो रात्रीची लाइट माहीत असलेला नको का?

खंडपीठवाला (संभाजीनगर)
फोन करणारा भला की बुरा, हा प्रश्न फार नंतरचा. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं (न्या. अभय ओक, न्या. उज्जल भुयान) अमली पदार्थांच्या एका खटल्यात आरोपीनं गूगल मॅपवरचं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहायचं ही जामिनाची अट काढून टाकली. पोलिसांना सतत माग ठेवता येईल अशी अट घटनेच्या कलम 21 मध्ये (जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) बसत नाही, असा निकाल. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत. जामीनदार मिळत नाही, तारखेला नेणारं पथक मिळत नाही म्हणून ते आत सडतात. पट्टा नाही म्हणून नव्हे. कायदा म्हणतो, कैदी राजी असेल तरच पट्टा. आत बसलेला माणूस कशाला राजी होणार नाही?

आणि तुमच्या भाचीच्या देशातलंच सांगतो. सेर्को आणि जीफोरएस या कंत्राटदार कंपन्यांनी मेलेल्या, देश सोडून गेलेल्या, तुरुंगातच असलेल्या लोकांच्याही पट्ट्यांची बिलं सरकारला लावली होती. 2013 ला उघडकीला आलं, पैसे परत करावे लागले. पट्ट्याच्या टोकाला जिता माणूस आहे का, एवढंसुद्धा कुणी बघितलं नव्हतं.

हर्सूल_रिटायर
कारागृहात नोकरी केली म्हणून सांगतो. रजेच्या अर्जावर ठाण्याचा अहवाल येतो, 'शांतता भंग होण्याची शक्यता'. झालं, अर्ज फेटाळला. सही करून जबाबदारी कोण घेणार? आई गेल्याचं बराकीत कळलेले लोक मी बघितलेत. पट्ट्यानं साहेबाचा सही करायचा हात मोकळा होत असेल तर मला तो चालेल.

खंडपीठवाला
दादा, पैठणच्या खुल्या कारागृहात कैदी पट्ट्याशिवाय शेती करतात. साहेबाच्या भीतीवर औषध म्हणून पट्टा कैद्याच्या पायात?

हर्सूल_रिटायर
पैठणला निवडून नेतात. उरलेल्यांचं काय?

पालावरचा (धाराशिव)
माझ्या आज्यानं सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या आत हजेरी दिलेली आहे. आख्ख्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, गेला 1952 ला. तरी गावात चोरी झाली की जीप पहिली आमच्या पालावर येते. पट्टा पहिला कुणाच्या पायात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. हजेरी घेणाऱ्यांत एखादा मायाळू शिपाईही असायचा, आजाच सांगायचा. त्यानं तार निघाली नाही.

गोदाकाठ
तार निघाली नाही, मान्य. पण हजेरीला तो मायाळू शिपाई होता की दुसरा, यानं तुमच्या आज्याला काहीच फरक पडला नसेल?

पालावरचा
पडला असेल. पण कोण येईल हे त्याच्या हातात नव्हतं. बरं, तुमच्या भाचीला चुकीची नोंद खोडता येते का?

गोदाकाठ
नाही. ती शेरा लिहिते. परत आत घालायचं की नाही ते वरचे ठरवतात.

पालावरचा
मग इथं तो शेरा मराठीत लिहा आणि त्याची एक प्रत पट्टा घालणाऱ्याच्या हातात द्या. बाकी माणुसकीचं नंतर बोलू.